पत्ता अपुरा

बाड्यावरच्या मोठ्या पोस्टात चौतीस वर्षं
मी पत्ते वाचले.
भिजलेले, फाटलेले, डाव्या हाताने लिहिलेले.
'निंबाळकरांच्या गोठ्यामागे, दुसरा जिना,
पाय दुखणाऱ्या बाईंना द्यावे'
एवढंच, आणि खाली: लश्कर.
तेही पोचवलं.
'पत्ता अपुरा' असा एक शिक्का होता माझ्या टेबलावर.
त्याची शाई वाळून गेली होती.

तर असा मी
पुतणीकडे ग्वांगचौला गेलो
आणि पहिल्याच सकाळी निरक्षर झालो.

पाट्यांवर अक्षरं होती की घरं, कळेना.
छपरं होती, खिडक्या होत्या,
आत कुणीतरी मांडी घालून बसलंय असंही वाटायचं,
दार मात्र एकालाही नाही.
विजेच्या दुचाक्या मागून मांजरासारख्या यायच्या.
आपल्याकडे टेंपो आधी आवाज पाठवतो, मग स्वतः येतो;
ती सवय अंगात, म्हणून दोनदा धडकता वाचलो.
रताळी भाजणारा म्हातारा
गळ्यात ठिपक्याठिपक्यांचं कार्ड अडकवून उभा.
माझी नोट त्यानं उजेडात धरून पाहिली,
नातवाचं जुनं खेळणं सापडावं तसा हसला,
नोट परत दिली. रताळंही दिलं.

वृंदा आठला निघायची, दिव्यांच्या कारखान्यात,
जगभर जाणाऱ्या झुंबरांचा हिशेब ठेवायला.
जाताना माझ्या खिशात चिठ्ठी कोंबायची:
काका, हरवलात तर फक्त दाखवा. बोलू नका.
मी म्हटलं, मी? हरवणार?

तिसऱ्या दिवशी हरवलो.
जमिनीखालच्या स्टेशनात एका तोंडानं शिरलो,
बाहेर यायला सतरा तोंडं.
वर आलो तर पूल, त्यावर पूल, त्याच्यावर अजून एक,
आणि सगळ्यात वरच्याच्या कठड्यावर
कुणी कुंड्यांतून बोगनवेल लावलेली.
त्या अख्ख्या शहरात ओळखीची तेवढी ती.
तिच्याकडे बघत तासभर उभा होतो.

मग एका मासळीवालीला चिठ्ठी दाखवली.
तिनं वाचली. परत वाचली.
माझ्या बुटांपासून टोपीपर्यंत मला वाचलं.
ओले हात पुसले, स्टूल ओढलं, खांद्याला धरून बसवलं,
आणि समोरच्या दुकानातून
बर्फासारखी गार पाण्याची बाटली आणली.
तिथे गार पाणी सहसा कुणी पीत नाही.
रखवालदारापासून डॉक्टरापर्यंत ज्याच्या त्याच्या हातात थर्मास,
भर उन्हाळ्यात वाफा.
मला वाटलं, ग्वाल्हेर तोंडावर लिहिलेलं असेल.

वृंदा आली. रागावली नाही.
घरापर्यंत माझी बाही धरून चालली,
मेळ्यात मी तिची धरायचो तशी,
ती सहा वर्षांची असताना,
पाळण्यांपाशी.

आता इथे डिसेंबर. कोटाच्या आतल्या खिशात
परवा ती चिठ्ठी सापडली.
दौलतगंजात झेरॉक्सवाल्या इंगळ्यांच्या पोरानं
तिच्यावर मोबाइल धरला.
अक्षरं थरथरली, दारं उघडल्यासारखी,
आणि मोडक्यातोडक्या मराठीत म्हणाली:

'हा माणूस माझ्या वडिलांचा भाऊ आहे.
तो मोठ्याने बोलतो. तो रागावलेला नाही.
कृपया त्याला थंड पाणी द्या, गरम नाही.
त्याला बसवा. मला बोलवा.'

खाली फोनचा नंबर.
गल्ली नाही. इमारत नाही. मजला नाही, पिनकोड नाही.

पुन्हा धर, म्हटलं. त्यानं धरला.
पुन्हा तेच आलं,
फक्त 'बसवा'च्या जागी या खेपेला 'ठेवा'.

असं पाकीट माझ्या टेबलावर आलं असतं
तर चौतीस वर्षांत पहिल्यांदा
मी तो शिक्का उचलला असता.

पोरगं म्हणालं, काका, झेरॉक्स काढू?
काढ, म्हटलं.
दोन काढ.